परवाना असलेली बंदूक, पोलिसाची गोळी: अमेरिकेत जाब कसा विचारायचा

प्रश्न असा आहे: अमेरिकेत बंदूक बाळगण्याचा हक्क थेट घटनेतच आहे. मग कोणताही गुन्हा न केलेल्या, कायदेशीर बंदूक असलेल्या माणसाला पोलिसांनी केवळ ती बंदूक दिसली म्हणून गोळी घातली, तर पोलीस सुटतात कसे? आणि घरच्यांना दाद मागायची असेल तर नेमकं काय करायचं?

सुटतात कसे, याचं मूळ कारण असं की कोर्टात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बंदूक बाळगण्याचा हक्क दुसऱ्या घटनादुरुस्तीखाली तपासतात. पोलिसांचा गोळीबार चौथीखाली, म्हणजे अवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्तीखाली. हक्काच्या प्रश्नात विचारतात, सरकारला कायदा करून बंदुकीवर बंदी घालता येते का. गोळीबाराच्या प्रश्नात विचारतात, तिथे उभ्या असलेल्या पोलिसाला त्या वेळी जिवाची भीती वाटणं वाजवी होतं का. माणसाच्या खिशात परवाना होता की नव्हता याने गोळीबाराच्या प्रश्नाचं उत्तर फारसं हलत नाही. पोलिसाला परवाना दिसत नसतो, बंदूक दिसते.

हक्काची बाजू गेल्या काही वर्षांत झपाट्याने रुंदावली. २००८ च्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरला, २०१० च्या मॅकडॉनल्डने तो राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक झाला, आणि २०२२ च्या ब्रुएनने तो घराबाहेर आणला. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याशिवायच बंदूक जवळ बाळगता येऊ लागली. पोलिसाने थांबवलेल्या कुठल्याही गाडीत कायदेशीर बंदूक असणं आता अनेक राज्यांत नेहमीची बाब आहे. बळाच्या वापराचा कायदा मात्र १९८५ च्या टेनेसी विरुद्ध गार्नर आणि १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या दोन निकालांभोवतीच फिरतो. ग्रॅहमचा गाभा असा की पोलिसाच्या मनातला हेतू बघायचा नाही. तिथे असलेला वाजवी अधिकारी काय करता, तेवढंच बघायचं, आणि तेही मागाहून मिळालेल्या माहितीच्या आधाराने नाही.

जाता जाता सांगायचं तर, हे दोन विषय एकेकाळी हातात हात घालून चालले होते. १९६६ मध्ये ओकलंडमध्ये सुरू झालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे लोक उघडपणे, कायद्यात बसेल अशा रीतीने बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवत. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये मलफर्ड कायदा करून भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी उघड बाळगण्यावर बंदी घातली आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. पोलिसांना जाब विचारण्यासाठी वापरलेली बंदूक कुणालाच पचली नाही.

निकाल कुठे फिरतो

सारख्या दिसणाऱ्या दोन प्रकरणांत निकाल उलटे का लागतात, हे कळलं तर पुरावा कशाचा गोळा करायचा हेही कळतं.

नॉर्थ कॅरोलायनात एका फिरत्या घराशी रात्री दोन डेप्युटी (काउंटीच्या शेरिफचे पोलीस) आले. त्यांनी खिडकीवर टॉर्च आपटला, पण आपण पोलीस आहोत हे सांगितलं नाही. घरमालकाने आतून विचारलं, उत्तर आलं नाही. तो शॉटगन घेऊन बाहेर आला, नळी जमिनीकडे होती, आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चौथ्या सर्किट अपील कोर्टाने (सर्किट म्हणजे काही राज्यांचं मिळून एक केंद्रीय अपील क्षेत्र) २०१३ मध्ये, कूपर विरुद्ध शीहान या निकालात, डेप्युटींना दिवाणी दाव्यापासूनचं संरक्षण नाकारलं: नुसती बंदूक हातात असणं म्हणजे धोका नव्हे, आणि ओळख न सांगणाऱ्याला समोरच्याच्या सावधपणाचा फायदा घेता येत नाही.

फ्लोरिडातल्या लेक काउंटीत जुलै २०१२ मध्ये डेप्युटी रात्री दीडच्या सुमारास एका मोटरसायकलवाल्याच्या शोधात भलत्याच घराच्या दारावर धडकले. त्यांनीही ओळख सांगितली नाही. आतल्या तरुणाने हातात बंदूक घेऊन दार उघडलं आणि तो मारला गेला. यंग विरुद्ध बॉर्डर्स या प्रकरणात अकराव्या सर्किटने डेप्युटीला संरक्षण दिलं.

फरक फक्त भूगोलाचा आहे असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं नाही. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलायना चौथ्या सर्किटमध्ये येतात; फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा अकराव्यात. पण दोन्हीकडे वाद त्याच तीन-चार तपशिलांवर झाला: ओळख सांगितली का, इशारा दिला का, नळी कुठे होती, हात वर येत होता की खाली जात होता. म्हणून वकिलाने पहिल्या दिवसापासून या चार गोष्टींमागेच लागावं.

पोलिसांच्या हुकमाचे शब्दही पुराव्याइतकेच महत्त्वाचे असतात. शार्लटमध्ये २०१९ साली पोलीस एका माणसाला पुन्हा पुन्हा "बंदूक खाली टाक" असं ओरडून सांगत होते, पण बंदूक होती जॅकेटच्या आत. हुकूम पाळायचा तर ती बाहेर काढणं भाग होतं. त्याने ती काढली आणि त्याला गोळी लागली. चौथ्या सर्किटने २०२३ मध्ये (फ्रँकलिन विरुद्ध शार्लट) अधिकाऱ्याच्या बाजूचा निकाल फिरवला. पाळता न येणारा किंवा परस्परविरोधी हुकूम, म्हणजे "हलू नकोस" आणि "लायसन्स दाखव" एका दमात, हा अशा खटल्यांत वारंवार सापडणारा दोष आहे. म्हणून हुकमांची सेकंदनिहाय लेखी नोंद तयार करून घ्यावी.

एक ताजा बदल उपयोगाचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बार्न्झ विरुद्ध फेलिक्समध्ये एकमताने सांगितलं की गोळी झाडण्याआधीचे फक्त दोन सेकंद बघून चालणार नाही, आधीचा सगळा घटनाक्रम विचारात घ्यावा लागेल. ओळख न सांगणं, भलतं दार, गोंधळाचे हुकूम हे सगळं त्या "आधी"मध्येच असतं. मात्र पोलिसांनीच धोका ओढवून घेतला तर काय, हा प्रश्न कोर्टाने मोकळाच ठेवला.

थांबवणं आणि दार ठोठावणं

निनावी फोनवरून "अमुक माणसाकडे बंदूक आहे" एवढंच कळलं तर त्यावरून त्याला अडवून झडती घेता येत नाही (फ्लोरिडा विरुद्ध जे.एल., २०००). उघडपणे बंदूक बाळगणं कायदेशीर असलेल्या राज्यात केवळ कमरेची बंदूक बघून बेड्या घालणाऱ्या अधिकाऱ्याला सहाव्या सर्किटने २०१५ मध्ये संरक्षण नाकारलं (नॉर्थरप विरुद्ध टोलेडो). पण गाडी दुसऱ्या कायदेशीर कारणासाठी थांबवली असेल तर चित्र पालटतं: चौथ्या सर्किटने २०१७ मध्ये ठरवलं की सशस्त्र माणूस परवानाधारक असला तरी तो धोकादायक आहे असं धरून त्याला चाचपता येतं. म्हणजे मागचा दिवा बंद, एवढ्या निमित्ताने तो हक्क बाजूला पडतो. हा तर्क मला पटत नाही, पण तिथल्या राज्यांत आजचा कायदा हाच आहे.

पोलिसाने थांबवल्यावर बंदुकीबद्दल आपणहून सांगायचं की नाही, हे राज्याप्रमाणे बदलतं. मिशिगनमध्ये लगेच सांगावं लागतं. ओहायोत २०२२ पासून विचारल्यावरच. प्रवासाला निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम बघावा. सांगायचं असेल तेव्हा इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि वाक्याची सुरुवात परवान्यापासून: "माझ्याकडे बाळगण्याचा परवाना आहे, शस्त्र उजव्या कमरेला आहे, तुम्ही सांगाल तसं करतो." मग हलायचं नाही, पोलिसाने सांगेपर्यंत. लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं बंदुकीच्या बाजूच्या खिशात किंवा त्याच कप्प्यात ठेवू नयेत; सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. मिनेसोटात ६ जुलै २०१६ रोजी फिलँडो कॅस्टील यांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं अगदी सभ्यपणे सांगितलं होतं. नंतर त्यांचा हात कशाकडे गेला, बंदुकीकडे की ओळखपत्राकडे, यावर सगळा खटला झाला. अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या आणि जून २०१७ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. कुटुंबाला २९ लाख ९५ हजार डॉलरची तडजोड मिळाली. योग्य वागणं धोका कमी करतं, खात्री देत नाही.

घराच्या दाराबाबत सल्ला कडक आहे. अपरात्री कोणी ठोठावलं, तर बंदूक हातात घेऊन दार उघडू नये. दार बंद ठेवून ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करावा आणि या पत्त्यावर पोलीस पाठवलेत का, असं विचारावं. त्या कॉलचं ध्वनिमुद्रण होतं, आणि नंतर तुमची मनःस्थिती सिद्ध करणारा तोच सर्वांत भक्कम कागद ठरतो. ३ मे २०२४ रोजी फ्लोरिडातल्या फोर्ट वॉल्टन बीचमध्ये हवाई दलातला २३ वर्षांचा रॉजर फोर्टसन स्वतःच्या घराच्या दारात, बंदुकीची नळी जमिनीकडे असताना मारला गेला. तिथे डेप्युटीला नोकरीतून काढलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला. आरोप ठेवला जाणं हाच अपवाद.

वॉरंट घेऊन दार फोडलं जातं तेव्हा कायद्याची गुंतागुंत आणखी वाढते. ठोठावून ओळख सांगणं हा चौथ्या घटनादुरुस्तीचा भाग आहे (विल्सन विरुद्ध आर्कान्सॉ, १९९५), पण २००६ च्या हडसन निकालामुळे तो नियम मोडून मिळवलेला पुरावा बाद होत नाही, म्हणजे नियम मोडण्याची किंमत नगण्य. लुइव्हिलमध्ये १३ मार्च २०२० रोजी ब्रिओना टेलर यांच्या घरात त्यांचा मित्र केनेथ वॉकर याने चोर समजून कायदेशीर बंदुकीतून एक गोळी झाडली. पोलिसांनी ३२ झाडल्या आणि टेलर गेल्या. वॉकरवर आधी खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लागला, तो नंतर मागे घेतला गेला. केंटकीचा घरसंरक्षणाचा कायदा ओळख सांगून आत येणाऱ्या पोलिसाविरुद्ध चालत नाही. त्यामुळे "पोलीस" हा शब्द ऐकू येईल असा उच्चारला गेला का, यावर एकाचा तुरुंग आणि दुसऱ्याची नोकरी अवलंबून होती, आणि आत शिरतानाचं बॉडी कॅमेऱ्याचं चित्रणच नव्हतं. शहराने कुटुंबाला १ कोटी २० लाख डॉलर दिले आणि वॉकरला पुढे २० लाख.

दिवाणी दावा: कुठे अडतो

मुख्य हत्यार म्हणजे १८७१ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं कलम १९८३. त्याखाली राज्य आणि स्थानिक पोलिसांवर वैयक्तिक दावा लावता येतो. समोर उभी राहते ती क्वालिफाइड इम्युनिटी, म्हणजे अधिकाऱ्याला अशा दाव्यापासून मिळणारं, वर आलेलं संरक्षण. १९८२ च्या हार्लो निकालापासून निकष असा आहे की हक्क मोडल्याचं दाखवणं पुरेसं नाही. जवळजवळ तशाच प्रसंगात आधीच्या निकालाने ते वागणं बेकायदा ठरवलेलं असलं पाहिजे. २००९ पासून (पिअर्सन विरुद्ध कॅलहन) कोर्ट थेट "आधीचा निकाल नव्हता" एवढ्यावर दावा काढू शकतं, हक्क मोडला का हे न ठरवता. त्यामुळे नवे निकाल तयार होत नाहीत, आणि पुढच्या दाव्यालाही आधार सापडत नाही. शिवाय संरक्षण नाकारलं गेलं तर पोलिसाला खटल्याआधीच अपील करता येतं. त्यात दावा सहज वर्ष-दोन वर्षं लांबतो.

यावर उपाय दोन. तक्रारीत "हातात बंदूक होती" अशी घटना मांडू नये. "नळी जमिनीकडे, इशारा नाही, ओळख नाही, बोट ट्रिगरबाहेर" इतकी बारीक मांडावी आणि त्याच सर्किटमधल्या त्याच तपशिलाच्या निकालाशी जोडावी. दुसरं, राज्याचा कायदा बघावा. कोलोरॅडोने २०२० मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये राज्याच्या कोर्टात असा दावा खुला केला जिथे क्वालिफाइड इम्युनिटी हा बचाव चालत नाही.

शहरावर दावा लावायचा तर १९७८ च्या मोनेल निकालाप्रमाणे धोरण, रूढ प्रथा किंवा प्रशिक्षणातली गंभीर हयगय दाखवावी लागते. आपला माणूस चुकला म्हणून मालक जबाबदार, हे इथे चालत नाही. यासाठी त्याच खात्यातल्या जुन्या तक्रारी, शिस्तभंगाच्या नोंदी आणि बंदूकधारी नागरिकाशी कसं वागायचं याचं लेखी प्रशिक्षण मागवावं. न्यूयॉर्कने पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी गुप्त ठेवणारं कलम ५०-अ जून २०२० मध्ये रद्द केलं, त्यामुळे तिथे हे सोपं झालं.

पहिले काही आठवडे

मुदती आधी बघाव्यात. कलम १९८३ ला राज्याची इजेच्या दाव्याची मुदत लागते: केंटकी आणि टेनेसीत एक वर्ष, कॅलिफोर्नियात दोन, न्यूयॉर्कमध्ये तीन. पण राज्याच्या कायद्याखालचे दावे जोडायचे असतील तर त्याआधी शहराला नोटीस द्यावी लागते: न्यूयॉर्कमध्ये ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात सहा महिन्यांत. माणूस गेलेला असेल तर दावा इस्टेटचा (मृताच्या मालमत्तेचा) प्रतिनिधी लावतो आणि त्याची नेमणूक प्रोबेट कोर्टातून, म्हणजे वारसाहक्काची कामं बघणाऱ्या कोर्टातून, करून घ्यावी लागते. शोकात असलेलं कुटुंब नेमकं इथे वेळ घालवतं आणि नोटीस ज्याच्या नावाने जायला हवी त्याची नेमणूकच झालेली नसते.

पुरावा जपण्याचं पत्र पहिल्याच आठवड्यात, पोचपावतीसह, पोलीस खातं, ९११ केंद्र आणि सरकारी वकील या तिघांनाही पाठवावं. बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण एवढंच लिहू नये. मूळ फाइल, ती कोणी कधी उघडली याची नोंद, डिस्पॅचची (पोलिसांना घटनास्थळी रवाना करणाऱ्या केंद्राची) संगणकीय नोंद, रेडिओ संभाषण, गाडीतला कॅमेरा, टेझरची नोंद, आणि तिथे हजर असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याचा कॅमेरा अशी यादीच द्यावी. इलिनॉयमध्ये जपून ठेवण्याची खूण न केलेलं चित्रण ९० दिवसांनी पुसता येतं. शेजारच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण तर काही दिवसांतच जातं. तिथे पत्र न पाठवता माणूसच पाठवावा.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट नवख्यांना फसवते. अनेक बॉडी कॅमेरे बटण दाबण्याआधीची साधारण ३० सेकंदांची दृश्यं राखून ठेवतात, पण त्या भागात आवाज नसतो. चित्रणाच्या सुरुवातीला शांतता आहे म्हणून "इशारा दिलाच नाही" असं ठामपणे लिहिलं आणि नंतर दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात इशारा ऐकू आला, तर संपूर्ण दाव्याची विश्वासार्हता जाते. आधी सगळ्या कॅमेऱ्यांच्या वेळा जुळवाव्यात, मगच लिहावं.

माहिती मागताना अर्ज राज्याच्या माहिती कायद्याखाली करावा. केंद्राचा माहिती कायदा स्थानिक पोलिसांना लागूच होत नाही. स्वतंत्र शवविच्छेदन शक्य तितक्या लवकर करून घ्यावं: गोळी शरीरातून कोणत्या दिशेने गेली यावरून हात वर होता की खाली हे पुष्कळदा कळतं. अंगावरचे कपडे आणि होल्स्टर धुऊ-पुसू नयेत.

फौजदारी बाजूचे सापळे

जिवंत वाचलेल्या बंदूकधारकावर बहुतेक वेळा अटकेला विरोध किंवा पोलिसावर हल्ला असा आरोप लागतो. सरकारी वकील छोट्या गुन्ह्याची कबुली द्या, दंड भरून सुटाल, असं सुचवतो. इथे थांबावं. १९९४ च्या हेक विरुद्ध हम्फ्री निकालानुसार ज्या दाव्याने ती शिक्षाच चुकीची ठरेल तो दिवाणी दावा चालत नाही. "पोलिसांवर दावा लावणार नाही असं लिहून द्या, आरोप मागे घेतो" हा सौदाही स्वखुशीने केला असेल तर वैध ठरू शकतो (न्यूटन विरुद्ध रमरी, १९८७). फौजदारी आणि दिवाणी वकिलांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नये.

पोलिसावर केंद्रीय खटला चालवायचा तर हेतुपुरस्सर हक्क मोडल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि ते फार अवघड आहे. टेलर प्रकरणात माजी अधिकारी ब्रेट हँकिसन नोव्हेंबर २०२४ मध्ये दोषी ठरला आणि त्याला ३३ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या गोळ्या कोणालाच लागल्या नव्हत्या. पडदे ओढलेल्या खिडकीतून त्याने आंधळा गोळीबार केला होता.

गोळी झाडणारा केंद्रीय एजंट असेल तर कलम १९८३ लागत नाही आणि २०२२ च्या एग्बर्ट निकालानंतर थेट घटनात्मक दाव्याची वाट जवळजवळ बंद आहे. मग उरतो केंद्र सरकारकडून भरपाई मागण्याचा फेडरल टॉर्ट क्लेम्स कायदा: एसएफ-९५ हा फॉर्म दोन वर्षांत संबंधित खात्याकडे, नुकसानीची नेमकी रक्कम लिहून. रक्कम कोरी सोडली तर अर्ज ग्राह्य धरत नाहीत. खात्याने नकार दिल्यापासून सहा महिन्यांत कोर्टात जावं लागतं. तिथे ज्युरी नसते.

जप्त झालेली बंदूक

माणूस सुटला, आरोप गेले, तरी बंदूक पोलिसांच्या मालखान्यातच राहते, ही तक्रार सर्रास येते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅनिग्लिया विरुद्ध स्ट्रॉममध्ये एकमताने ठरवलं की काळजीपोटी म्हणूनसुद्धा पोलिसांना वॉरंटशिवाय घरात शिरून बंदुका उचलता येत नाहीत. पण परत देण्याची पद्धत प्रत्येक राज्याची वेगळी. कॅलिफोर्नियात राज्याच्या न्याय खात्याकडे अर्ज करून पात्रतेचं पत्र घ्यावं लागतं, आणि ते घेऊन मालखान्यात जावं लागतं. इतर अनेक ठिकाणी कोर्टाचा आदेश मागतात. जप्तीच्या वेळीच अनुक्रमांकासह पावती घ्यावी, मॅगझिन आणि गोळ्या वेगळ्या लिहून घ्याव्यात. मात्र दिवाणी दाव्यात तीच बंदूक पुरावा असेल, तर ती परत मागण्याची घाई करू नये: ताबा तुमच्याकडे आला की नंतरची प्रत्येक खरवड, प्रत्येक ठसा तुमच्यावर ढकलता येतो. तोवर ती सील करून पोलिसांकडेच ठेवावी, आणि दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी एकत्र तपासावी असा आदेश कोर्टाकडून घ्यावा.